कंपायलरला मिलिज्यूल शिकवताना

पंपाच्या मोटरवर बसणारा आमचा कंपन मोजणारा सेन्सर बॅटरीवर चालतो. डी साइजचा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल, ३.६ व्होल्ट, १९ अँपिअर-अवर. एकदा बसवला की पुढची काही वर्षं त्याला कुणाचा हात लागू नये अशी गिऱ्हाइकाची अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. तो जिथे बसतो तिथे पोचायला शिडी लागते, वर्क परमिट लागतं आणि मोटर बंद ठेवायला प्रॉडक्शनची परवानगी लागते. नुसता सेल बदलायचा खर्च सेलच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.

भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत मी या सेन्सरचं फर्मवेअर लिहिते. पहिल्या डिझाइनमध्ये कच्चा डेटा रेडिओवरून जायचा आणि गणित सर्व्हरवर व्हायचं. रेडिओ सगळ्यात खादाड, म्हणून आम्ही गणित चिपवरच आणलं: १०२४ नमुन्यांचा एफएफटी (कंपनातल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणारं गणित), त्यातली शिखरं शोधणं, बेअरिंगच्या ठरावीक फ्रिक्वेन्सींच्या आसपासची ऊर्जा काढणं, आणि शेवटी मोजके आकडे तेवढे पाठवणं. रेडिओचा खर्च खाली आला. त्याबरोबर प्रोसेसर जागा असतानाचा खर्च हिशोबात सगळ्यात वर जाऊन बसला. चिप बदलायची नव्हती, अल्गोरिदम हाताने घासूनपुसून झाला होता. उरला कंपायलर, म्हणजे आमचा कोड चिपच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम.

टीममध्ये मी एक साधा प्रश्न टाकला. आपण जीसीसी या कंपायलरने ओ२, म्हणजे वेगाकडे झुकणारं सेटिंग, लावून बिल्ड करतो. ओएस, म्हणजे कोड लहान ठेवणारं सेटिंग, लावलं तर ऊर्जा कमी लागेल की जास्त? उत्तरं सगळ्यांनी दिली आणि सगळ्यांचा रोख एकच होता: जे लवकर संपतं ते कमी खात असणार. मोजून मात्र कुणीच पाहिलं नव्हतं.

तो अंदाज निराधार नाही. ऊर्जा म्हणजे पॉवर गुणिले वेळ. साध्या मायक्रोकंट्रोलरची पॉवर बऱ्यापैकी स्थिर असते, त्यामुळे वेळ घटला की ऊर्जा घटते. पण पॉवर पूर्णपणे स्थिर कधीच नसते. प्रिन्स्टनच्या विवेक तिवारी, शरद मलिक आणि अँड्र्यू वुल्फ यांनी १९९४ साली इंटेलच्या ४८६ प्रोसेसरवर एकेका इन्स्ट्रक्शनचा करंट प्रत्यक्ष मोजला होता. मेमरीला हात लावणारी इन्स्ट्रक्शन रजिस्टरमधल्या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या कप्प्यांतच, काम उरकणाऱ्या इन्स्ट्रक्शनपेक्षा महाग पडते, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. व्हेरिएबल रजिस्टरमध्ये ठेवायचं की मेमरीत ढकलायचं, हा निर्णय कंपायलर घेतो. लूप उलगडायचा की नाही, फंक्शन जागच्या जागी भरायचं की नाही, हेही तोच ठरवतो. आणि हे सगळं ठरवताना तो वेळेचा विचार करतो, कोडच्या आकाराचा करतो. ज्यूलचा खण त्याच्या हिशोबात नाहीच.

शोधायला लागल्यावर या प्रश्नावर आधी झालेलं काम सापडलं आणि त्यातली दोन मला फार मोलाची वाटली. पहिलं युरोपातलं माइलपोस्ट. एडिंबरा विद्यापीठ, फ्रान्सची इन्रिया, आयबीएमची हायफा इथली प्रयोगशाळा अशा मंडळींनी मिळून जीसीसीला मशीन लर्निंगची जोड दिली. प्रोग्रॅमची पन्नासहून अधिक स्थिर लक्षणं काढायची, म्हणजे बेसिक ब्लॉक (फांदी न फुटता सरळ चालणारे तुकडे) किती, फांद्या किती, लोड-स्टोअर किती, आणि त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमना कोणते फ्लॅग (कंपायलरचे चालू-बंद स्विच) मानवले होते ते पाहून नव्याला तेच सुचवायचे. दुसरं इंग्लंडमधलं मॅजीक, २०१३ मध्ये सुरू झालेलं. एम्बेकॉझम ही कंपनी आणि ब्रिस्टल विद्यापीठ यांनी माइलपोस्टचीच कल्पना उचलली, पण लक्ष्य बदललं: वेळेऐवजी ऊर्जा, आणि तीही सिम्युलेटरवर अंदाजलेली नव्हे, बोर्डावर मोजलेली.

त्याच गटातल्या जेम्स पॅलिस्टर, सायमन हॉलिस आणि जेरेमी बेनेट यांचा एक शोधनिबंध मी प्रिंट काढून टेबलावर ठेवला होता. पाच वेगवेगळे एम्बेडेड प्लॅटफॉर्म, दहा बेंचमार्क (मोजणीसाठीचे नमुना प्रोग्रॅम) आणि जीसीसीचे फ्लॅग. शक्य जोड्यांची संख्या २ चा ८२ वा घात. एक जोडी एका सेकंदात मोजून होते असं धरलं तरी सगळ्या मोजायला विश्वाच्या आजच्या वयाच्या कोटभर पट वेळ लागेल. त्यांनी हुशारीने निवडलेल्या थोड्या जोड्या मोजल्या आणि दोन निष्कर्ष काढले. एक, सगळीकडे हमखास फायदा देणारा असा एकही फ्लॅग नाही, ना वेळेसाठी ना ऊर्जेसाठी. दोन, एखादं ऑप्टिमायझेशन लागू पडेल की नाही हे चिपपेक्षा प्रोग्रॅमच्या रचनेवर जास्त ठरतं. हा दुसरा निष्कर्ष वाचूनच मी कामाला लागले. उत्तर प्रोग्रॅमच्या रचनेत दडलेलं असेल, तर रचना वाचून ते आधी सांगता यायला हवं, आणि मशीन लर्निंगचं खरं काम तेच.

पण आधी मोजमाप. माझा जास्तीत जास्त वेळ मॉडेलवर जाईल असं बाहेरच्या माणसाला वाटतं. तो गेला करंट नीट मोजण्यात.

आमच्या सेन्सरमध्ये एसटीएम३२ एल१५२ आहे: कॉर्टेक्स एम३ गाभा, ३२ मेगाहर्ट्‌झपर्यंत घड्याळ, ५१२ केबी फ्लॅश (कोड साठवायची मेमरी), ८० केबी रॅम. त्याच चिपचा न्यूक्लिओ बोर्ड बाजारात मिळतो आणि त्यावर आयडीडी नावाचा एक जंपर असतो. जंपर काढला की फक्त चिपला जाणारा करंट त्या दोन पिनांतून वळवता येतो; बोर्डावरचा डीबगर आणि त्याचे दिवे बाजूला राहतात. त्या दोन पिनांत आयएनए२१९ या चिपचा छोटा मॉड्यूल जोडला. हा मॉड्यूल शंभर-दोनशे रुपयांत लॅमिंग्टन रोडवरही मिळतो आणि ऑनलाइनही. त्यावरच्या बारीक रेझिस्टरमधून करंट गेला की जो व्होल्टेज पडतो, तो तो मोजतो. त्याची सगळ्यात लहान पायरी १० मायक्रोव्होल्टची.

इथेच पहिली गोम होती. मॉड्यूलवर ०.१ ओहमचा रेझिस्टर येतो, वर आर१०० लिहिलेला. त्यावर १० मायक्रोव्होल्ट म्हणजे १०० मायक्रोअँप. आमची चिप १६ मेगाहर्ट्‌झवर चार-पाच मिलिअँप खाते, म्हणजे मोजणीची एक पायरीच दोन टक्क्यांच्या आसपास. फ्लॅग बदलल्यावर पडणारा फरक कित्येकदा त्याहून लहान. लॅबमधल्या काकांना हे सांगितलं. त्यांनी मॉड्यूल भिंगाखाली धरला आणि म्हणाले, "मॅडम, हा आर-शंभर काढून एक ओहम टाकतो. एक टक्का टॉलरन्सचा आहे आपल्याकडे. पण मग चाळीस मिलिअँपच्या वर जाऊ नका, रेंज संपेल." हॉट एअरने जुना रेझिस्टर उचलला, नवा बसवला, आणि पायरी १० मायक्रोअँपवर आली. कॉलेजात शिकलेला ओहमचा नियम इतका थेट उपयोगी पडल्याचा आनंद मला अजून आठवतो.

मग बारीकसारीक शिस्त. डीबगरची वायर काढूनच मोजायचं, कारण डीबग जोडलेला असताना चिपचे काही भाग झोपत नाहीत. न वापरलेल्या सगळ्या पिना अ‍ॅनालॉग मोडमध्ये टाकायच्या, नाहीतर लोंबकळत्या पिना स्वतःचा करंट खातात. सप्लाय बॅटरीचा नको, बेंच सप्लायचा, म्हणजे व्होल्टेज सरकणार नाही. एसीच्या झोताखाली बोर्ड नको. प्रोग्रॅम सुरू होताना एक पिन वर, संपताना खाली, म्हणजे कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंत बेरीज करायची ते स्पष्ट. आयएनए२१९ आतल्या आत १२८ नमुन्यांची सरासरी काढू शकतो, पण त्याला जवळजवळ ६८ मिलिसेकंद लागतात. म्हणून प्रत्येक बेंचमार्क काही सेकंद चालेल इतक्या वेळा फिरवायचा. आणि तोच बायनरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचा. दोन दिवसांच्या आकड्यांत जेवढी तफावत येते, तेवढ्यापेक्षा लहान फरकाला फरक म्हणायचं नाही, हे आम्ही आधीच लिहून ठेवलं.

बेंचमार्क म्हणून बीब्ज घेतले. हा संच ब्रिस्टल आणि एम्बेकॉझमनेच ऊर्जा मोजण्यासाठी जमवलेला आहे: ऑपरेटिंग सिस्टिम लागत नाही, फाइल लागत नाही, छोट्या चिपवर मावतात. मॅट्रिक्सचा गुणाकार, सीआरसी (डेटातल्या चुका पकडणारं गणित), सॉर्टिंग, एफआयआर फिल्टर, एन्क्रिप्शन अशी विविधता. त्यांच्या जोडीला आमच्या फर्मवेअरमधली आठवड्यातून शेकडो वेळा चालणारी फंक्शन्स सुटी करून घातली. प्रत्येकाच्या शेवटी उत्तराची चेकसम तपासली जाते. ही तपासणी नसेल तर हुशार कंपायलर न वापरलेल्या उत्तरामागचं सगळं गणितच काढून टाकतो आणि ऊर्जा छान शून्याकडे गेलेली दिसते. दशांश गणिताचा काटेकोरपणा सैल करणारे फ्लॅग आम्ही यादीतूनच वगळले. उत्तर बदलून वाचवलेली ऊर्जा आमच्या उपयोगाची नव्हती. बेअरिंग खराब होतंय की नाही हे त्या उत्तरावर ठरतं.

आता कोणत्या जोड्या मोजायच्या? चाकण-भोसरी पट्ट्यात क्वालिटीत काम केलेल्या कुणालाही डीओई (डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स) हा शब्द नवा नाही. वेल्डिंगचा करंट, दाब, वेळ, तापमान असे घटक एकेक करून न बदलता एका ठरावीक तक्त्याप्रमाणे एकदम बदलायचे आणि प्रत्येकाचा परिणाम गणिताने वेगळा काढायचा. हे तक्ते ज्या ऑर्थोगोनल अ‍ॅरेंवर उभे आहेत त्यांची मांडणी १९४० च्या दशकात सी. आर. राव यांनी केली, हे मला हे काम करताना कळलं आणि फार अभिमान वाटला. फ्लॅगसुद्धा घटकच आहेत: चालू किंवा बंद. १९४६ मध्ये प्लॅकेट आणि बर्मन यांनी दिलेल्या रचनेने ८२ फ्लॅगांचे मुख्य परिणाम ८४ बिल्डमध्ये काढता येतात. प्रत्येक फ्लॅग निम्म्या बिल्डमध्ये चालू असतो, निम्म्यांत बंद, आणि बाकीच्यांचे चढउतार सरासरीत एकमेकांना खाऊन टाकतात.

त्यात एक अडचण उरते. एका फ्लॅगचा परिणाम दुसरा चालू असण्यावर अवलंबून असेल, तर तो जोडपरिणाम तिसऱ्याच फ्लॅगच्या नावावर जमा होऊ शकतो. त्यावर उपाय म्हणजे तोच तक्ता उलटा करून पुन्हा चालवायचा, जिथे चालू तिथे बंद. बिल्ड दुप्पट होतात, पण मुख्य परिणाम स्वच्छ मिळतात. कंपायलरमध्ये हे करणं भागच आहे, कारण तिथले फ्लॅग एकमेकांत गुंतलेले असतात. लूप उलगडणारा फ्लॅग लावला की जीसीसी रजिस्टरांची नावं बदलणारा टप्पाही सोबत चालू करतो. आणि ओ० वर तर बहुतेक फ्लॅग वेगळे लिहूनही काही होत नाही, त्या पातळीवर ऑप्टिमायझेशनचं दारच बंद असतं. म्हणून आम्ही ओ२ हा पाया धरला आणि प्रत्येक बिल्डला त्यातून काही फ्लॅग काढायचे, काही त्यात घालायचे, असा तक्ता केला.

बिल्ड, फ्लॅश, मोजणी, नोंद हे सगळं एका पायथन स्क्रिप्टला जुंपलं आणि रात्री चालू ठेवलं. सकाळी येऊन सीएसव्ही फाइल उघडणं हा त्या काळातला दिवसाचा सगळ्यात आवडता भाग होता.

पहिली गोष्ट दिसली ती सगळ्यांच्या अंदाजाच्या बाजूची. बहुतेक प्रोग्रॅममध्ये वेळ आणि ऊर्जा हातात हात घालून चालतात. कॉर्टेक्स एम३ एका वेळी एकच इन्स्ट्रक्शन सोडतो, त्यात पॉवरला फार हेलकावे घ्यायला जागा नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण या विषयावर बोलताना अनेक जण जणू वेग आणि काटकसर कायम विरुद्ध दिशांना ओढतात असं मांडतात. छोट्या चिपवर तसं नाही. तुमच्याकडे मोजायचं साधन नसेल, तर वेळ कमी करा. बरीचशी मजल तिथेच मारली जाते.

दुसरी गोष्ट: ओएस अनेक ठिकाणी ओ२ च्या पाठोपाठ होता आणि काही ठिकाणी पुढे. ओएस म्हणजे ढोबळपणे ओ२, वजा कोडचा आकार फुगवणारे फ्लॅग. लूपचा आरंभ ठरावीक पत्त्यावर आणून बसवणारे अलाइनमेंटचे फ्लॅग त्यात बंद असतात. आमच्या चिपमध्ये फ्लॅशमधून एका वेळी ६४ बिट उचलले जातात. छोटा लूप त्या ६४ बिटांच्या हद्दीत नीट बसला तर एक उचल, हद्दीवर आडवा पडला तर दोन. त्यामुळे वरच्या एखाद्या असंबंधित फंक्शनचा आकार दोन बाइटने बदलला तरी खालच्या लूपची ऊर्जा हलते. हे ध्यानात आल्यावर प्रत्येक बायनरीचे तीन-चार प्रकार, वर थोडी रिकामी जागा सारून, मोजायचे आणि सरासरी धरायची असं ठरलं. नाहीतर मॉडेल अलाइनमेंटचा योगायोग पाठ करून बसतं.

आणि तिसरी, जिच्यात मी सगळ्यात जास्त रमले: फ्लॅश आणि रॅम.

एसटीएम३२ एल१ च्या डेटाशीटमध्ये चालू असतानाच्या करंटचे दोन वेगळे तक्ते आहेत, एक कोड फ्लॅशमधून चालत असतानाचा आणि एक रॅममधून. दुसऱ्यातले आकडे लहान आहेत. फ्लॅश वाचायला जास्त करंट लागतो. पॅलिस्टर, कर्स्टिन एडर आणि हॉलिस यांनी २०१५ मध्ये हीच गोष्ट पकडून कंपायलरमध्ये एक ऑप्टिमायझेशन घातलं: कोडचे निवडक तुकडे फ्लॅशमधून रॅममध्ये हलवायचे. सरासरी पॉवर ४१ टक्क्यांपर्यंत उतरली, ऊर्जा २२ टक्क्यांपर्यंत, आणि वेळ मात्र वाढला. वेळ वाढून ऊर्जा कमी! आमच्या टीमच्या अंदाजाला छेद देणारं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

असं का होतं ते कॉर्टेक्स एम३ च्या बसमध्ये, म्हणजे मेमरीपर्यंत जाणाऱ्या वाहिन्यांमध्ये आहे. फ्लॅशचा पत्ता कोडच्या भागात येतो, तिथे इन्स्ट्रक्शन उचलायला एक बस आणि डेटा उचलायला दुसरी. रॅमचा पत्ता वेगळ्या भागात, तिथे दोन्हींना मिळून एकच सिस्टिम बस. कोड रॅममधून चालवला की इन्स्ट्रक्शन आणि डेटा एकाच दारातून आत येतात आणि एकमेकांची वाट पाहतात. म्हणून वेळ वाढतो. पॉवर त्याहून जास्त उतरली तर तुम्ही जिंकलात, नाहीतर हरलात.

हे आम्ही आमच्या फंक्शनांवर करून पाहिलं. फंक्शनला एक अ‍ॅट्रिब्यूट लावून वेगळ्या सेक्शनमध्ये टाकायचं, लिंकरच्या (कोडचे तुकडे जोडून त्यांना पत्ते देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) स्क्रिप्टमध्ये तो सेक्शन रॅममध्ये बसवायचा आणि स्टार्टअप कोडने तो एकदाच फ्लॅशमधून उतरवून घ्यायचा. फ्लॅश आणि रॅमचे पत्ते इतके लांब आहेत की साधी कॉल इन्स्ट्रक्शन तिथवर पोचत नाही. लिंकर मध्ये एक छोटा पूल टाकतो आणि प्रत्येक कॉलला त्याची किंमत द्यावी लागते. त्यामुळे हजारदा बोलावलं जाणारं चिमुकलं फंक्शन एकटंच हलवणं तोट्याचं. ज्या लूपमधून ते बोलावलं जातं तो लूपच हलवायचा.

सीआरसी आणि पूर्णांकांचं वर्गमूळ काढणारं फंक्शन, दोन्ही जवळजवळ सगळं काम रजिस्टरांत करतात. रॅममध्ये गेल्यावर त्यांची ऊर्जा सरळ उतरली. एफएफटीचं गाभ्याचं फंक्शन याच्या उलट: दर फेरीला डेटा रॅममधून उचल, परत ठेव. तिथे बसवर गर्दी झाली आणि वेळ इतका वाढला की बराचसा फायदा वाहून गेला. मग साइनचा तक्ता पाहिला. तो स्थिर आहे, फ्लॅशमध्येच राहू शकतो. तो फ्लॅशमध्ये असला की त्याचं वाचन दुसऱ्या बसवरून होतं, गर्दीत भर पडत नाही. तक्ता फ्लॅशमध्ये आणि कोड रॅममध्ये, ही मांडणी तक्ता आणि कोड दोन्ही रॅममध्ये असण्यापेक्षा आमच्या एफएफटीला जास्त मानवली. कोणत्याही पुस्तकी नियमातून हे उत्तर मी काढू शकले नसते. मीटरने सांगितलं.

म्हणून तक्त्यात आणखी एक स्तंभ वाढवला: फंक्शन फ्लॅशमध्ये की रॅममध्ये.

एवढं झाल्यावर शिकवण्याची पाळी. प्रोग्रॅमची लक्षणं काढायला जीसीसीचं प्लगइन लिहिलं. जीसीसी ४.५ पासून प्लगइनची सोय आहे आणि आतल्या जिम्पल या मधल्या रूपावर फिरून हवं ते मोजता येतं. जीसीसीचं पोट समजून घेताना मुंबई आयआयटीच्या जीसीसी रिसोर्स सेंटरचं, प्रा. उदय खेडकर यांच्या गटाचं साहित्य मला फार कामी आलं. इतक्या अवाढव्य कोडबेसची वाट कुणीतरी शिक्षकाच्या जिव्हाळ्याने आखून ठेवली आहे आणि ती आपल्यापासून तीन तासांवर आहे, याचं अप्रूप वाटतं. लक्षणं साधीच घेतली: बेसिक ब्लॉकची संख्या, एका ब्लॉकमध्ये सरासरी इन्स्ट्रक्शन, लूपची खोली, फांद्यांचं प्रमाण, लोड-स्टोअरचं गणिताशी प्रमाण, गुणाकार-भागाकार किती, फेऱ्यांची संख्या आधी माहीत असलेले लूप किती.

मॉडेल म्हणून डिसिजन ट्री, म्हणजे एकामागून एक प्रश्न विचारत उत्तराकडे नेणारी फांद्यांची रचना. टीममधल्या नव्या मुलांना न्यूरल नेटवर्क हवं होतं आणि त्यांचा उत्साह मला कळतो. आपल्याकडेच आयआयटी हैदराबादच्या गटाने एलएलव्हीएम या दुसऱ्या कंपायलरसाठी आयआर२व्हेक केलं आहे, ज्यात प्रोग्रॅमचं रूपांतर आकड्यांच्या सदिशात होतं, आणि ऑप्टिमायझेशनचा क्रम ठरवायला रीइन्फोर्समेंट लर्निंगही लावलं आहे. गूगलने एलएलव्हीएममध्ये फंक्शन कुठे आत भरायचं हे ठरवायला शिकलेलं मॉडेल २०२१ मध्ये आणलं, कोडचा आकार कमी करण्यासाठी. पण आकार कॉम्प्युटरवर क्षणात मोजता येतो. ज्यूल बोर्डावरच मोजावे लागतात, तेही काही सेकंद देऊन, एका वेळी एक. आमच्याकडे डेटा कमीच असणार होता आणि कमी डेटात ट्री बरा. शिवाय ट्री वाचता येतो. मॅजीकनेही ट्रीच वापरले होते.

प्रत्येक फ्लॅगसाठी एक ट्री, उत्तरं तीन: लाव, काढ, फरक नाही. तपासणीचा नियम एकच आणि कडक: ज्या प्रोग्रॅमवर भाकीत करायचं, त्याची एकही नोंद शिकवताना वापरायची नाही. एक प्रोग्रॅम पूर्ण बाजूला, बाकीच्यांवर शिकवा, मग बाजूच्याला विचारा. असं आळीपाळीने सगळ्यांना. त्याच प्रोग्रॅमच्या काही नोंदी शिकवणीत आणि काही परीक्षेत ठेवल्या तर निकाल डोळे दिपवणारे येतात आणि त्यांना काही अर्थ नसतो.

ट्रीने काय शिकलं ते कागदावर काढून भिंतीला लावलं होतं. लूप उलगडण्याच्या ट्रीचा पहिलाच प्रश्न होता: लूपच्या अंगात किती इन्स्ट्रक्शन आहेत? थोड्या असतील आणि फेऱ्या आधी माहीत असतील तर उलगड. दुसऱ्या फांदीवर: लोड-स्टोअर जास्त असतील तर नको. एम३ कडे सर्वसाधारण कामाला तेरा रजिस्टर आहेत; लूप उलगडला की एकाच वेळी जिवंत असणारी व्हेरिएबल वाढतात, रजिस्टर पुरत नाहीत आणि उरलेली स्टॅकवर ओसंडतात. म्हणजे मेमरीच्या जास्त फेऱ्या. १९९४ मधल्या त्या मोजणीतलं शहाणपण आमच्या ट्रीने स्वतःच्या आकड्यांतून पुन्हा काढलं होतं. तो कागद पाहून काकांनी विचारलं, "मग हे मशीन सांगतंय ते बरोबर कशावरून?" मी म्हटलं, "काका, रोज रात्री तुमच्या त्या एक ओहमला विचारतोय ना." त्यांना पटलं.

निकाल मी फुगवून सांगणार नाही. बाजूला ठेवलेल्या प्रोग्रॅमांपैकी बऱ्याच ठिकाणी मॉडेलने सुचवलेले फ्लॅग नुसत्या ओ२ पेक्षा सरस निघाले, काही ठिकाणी बरोबरी झाली आणि थोड्या ठिकाणी ओ२ च बरा ठरला. नुसत्या फ्लॅगांनी मिळालेली बचत एक आकडी टक्क्यांत राहिली. जीसीसीच्या लोकांनी ओ२ ची जोडणी पिढ्यान्‌पिढ्या तासून काढली आहे, तिच्यापुढे जाणं सोपं नाही. रॅममध्ये काय हलवायचं हे सांगणारा ट्री मात्र आमच्या फर्मवेअरला खरा लाभला, कारण तो प्रश्न जीसीसी विचारतच नाही. तिथे मोकळं रान होतं.

संपूर्ण सेन्सरच्या हिशोबात हा फायदा आणखी पातळ होतो, कारण गणिताखेरीज झोपेतला करंट आहे, सेन्सर चिपचा आहे, उरलेल्या रेडिओचा आहे. हे आम्ही गिऱ्हाइकालाही तसंच सांगितलं. पण फर्मवेअर अपडेटने मिळणारी बचत आधीच बसवलेल्या प्रत्येक नगाला लागू होते, एकही शिडी न लावता.

आता बिल्ड सर्व्हरवर रोज रात्री नवं फर्मवेअर त्या बोर्डावर चढतं आणि मुख्य फंक्शनांचे मिलिज्यूल नोंदले जातात. कुणी कोड बदलला आणि आकडा मोजणीच्या तफावतीपलीकडे चढला, तर सकाळी मेल येतो. खरं सांगायचं तर टीमची सवय बदलली ती मॉडेलपेक्षा या मेलमुळे. रिव्ह्यूमध्ये आता कोडच्या आकाराशेजारी ज्यूलचा रकाना असतो आणि त्यावर वाद होतात.

मॉडेल जीसीसीच्या आवृत्तीशी बांधलेलं आहे, हे सुरू करणाऱ्याने आधीच धरून चालावं. जीसीसी १० मध्ये फंक्शनं आत भरण्याचा एक फ्लॅग ओ३ या वरच्या पातळीवरून ओ२ मध्येही आला. म्हणजे ओ२ हा पायाच सरकला, आणि जुन्या पायावर शिकलेलं "लाव" नव्यावर निरर्थक झालं. कंपायलर बदलला की तक्ता पुन्हा चालवावा लागतो. जिग (बोर्ड, मीटर आणि स्क्रिप्ट यांची मांडणी) तयार असेल तर ते काम रात्रींचं आहे, माणसांचं नाही, म्हणून जिगवर खर्च केलेला वेळ मला कधीच जड वाटला नाही.

पुढचा सेन्सर कॉर्टेक्स एम० प्लसवर येतोय. त्या गाभ्यात इन्स्ट्रक्शन आणि डेटा यांना वेगळ्या बस नाहीतच, त्यामुळे रॅममध्ये हलवल्यावरची गर्दी तिथे वेगळं रूप घेईल आणि एफएफटीच्या तक्त्याचं उत्तर बदलायची शक्यता आहे. फ्लॅगांचे ट्री मात्र, ब्रिस्टलकरांचा निष्कर्ष खरा असेल तर, बऱ्यापैकी टिकायला हवेत. नवा बोर्ड काकांनी जिगवर चढवला आहे. आधी जुन्या ट्रीची भाकितं काढून ठेवायची, मग मोजायचं आणि दोन्ही रकाने शेजारी लावायचे, असा क्रम ठरला आहे.